वारा मागनं येतो, मग डिफ्लेक्टर समोरचा विचार करून कसा घ्यायचा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत उघड्या टपाच्या स्पोर्ट्स कारवर पानभर मजकूर आला होता, फोटो भारी होते, पण खालच्या चौकटीत विंड डिफ्लेक्टरबद्दल, म्हणजे गाडीत वारा अडवायला लावतात त्या पडद्याबद्दल, ज्या चार ओळी छापल्यात त्या वाचून पत्र लिहायला बसलो. समोरनं येणारा वारा अडवायला हा असतो आणि चकचकीत पारदर्शक ॲक्रिलिक प्लास्टिकचा घ्यावा, असा त्याचा सूर होता. मी साताऱ्यात हूड (गाडीचं कापडी छत) आणि कुशनचं काम करतो, आधी जीपची हूडं शिवायचो, आता थारचे सॉफ्ट टॉप येतात आणि अधनंमधनं कोणाची तरी हौसेची दोन सीटची गाडी पण येते, त्यामुळं यातलं थोडंफार कळतं.

पहिली गोष्ट म्हणजे समोरचा वारा अडवायला समोरची काच आहेच की. डिफ्लेक्टर बसतो सीटच्या मागं, डोक्याच्या पाठीमागं. तो तिथं का, हे आपल्याकडच्या माणसाला समजवायला सोपं आहे, वडापच्या (शिटा भरून पळणाऱ्या) जीपमध्ये मागच्या बाकड्यावर ज्यानं प्रवास केलाय त्याला विचारा, गाडी पुढं पळत असती तरी धूळ आत येते ती मागच्या उघड्या बाजूनंच, समोरनं नाही. तेच उघड्या स्पोर्ट्स कारमध्ये होतं. काचेच्या वरच्या कडेवरनं हवा सुटते, काचेमागं दाब कमी होतो, मग डोक्यावरनं गेलेली हवा डिकीच्या वर गोल फिरून उलटी पुढं येते आणि दोन सीटच्या मधनं मानेवर आदळते. म्हणून तर अशा गाडीत लांब केस मागं उडायच्या ऐवजी पुढं तोंडावर येतात. ही उलटी येणारी हवा अडवणं एवढंच डिफ्लेक्टरचं काम. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या बाजूला जो आडवा वारा लागतो तो त्यानं थांबत नाही, तिथं काचा वर घ्यायच्या आणि गप्प जायचं.

आता हा प्रकार आला कुठनं ते बघा. मर्सिडीजनं 1989 च्या एसएल गाडीला जाळीचा डिफ्लेक्टर दिला, 2004 ला एसएलकेच्या सीटमध्ये मानेवर गरम हवा सोडायची सोय केली, 2010 च्या ई-क्लास कॅब्रिओलेटमध्ये (तीपण उघड्या टपाचीच) समोरच्या काचेच्या वरच्या कडेला वर उचलली जाणारी पट्टी आणि मागं जाळी असं दोन्ही आलं. म्हणजे हे सगळं थंडीच्या देशात टप उघडून फिरता यावं, हीटरची ऊब गाडीत टिकावी म्हणून चाललंय. आपल्याकडं एप्रिल-मे महिन्यात मागनं पूर्ण बंद करणारी प्लास्टिकची भिंत लावून टप उघडा ठेवला तर वरनं ऊन आणि आत कोंडलेली गरम हवा, घामानं शर्ट सीटला चिकटतो, मग हौस कसली ती. तसं बघितलं तर आपल्याकडं टप उघडायचे दिवस म्हणजे पाऊस उघडल्यावर कासची फुलं बघायला जाताना किंवा डिसेंबर-जानेवारीत सकाळी मेढ्याकडनं महाबळेश्वरला जाताना. त्या थंडीत डिफ्लेक्टर पाहिजेच, नाहीतर घाट चढेपर्यंत मान आखडते. पण बाकीच्या दिवसांत थोडी हवा खेळती राहिली पाहिजे, म्हणून माझं मत सरळ आहे, आपल्याकडं जाळीचाच घ्या. जाळी हवेचा जोर मोडते पण सगळी हवा बंद करत नाही.

दुसरं कारण रात्रीचं आहे आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. हायवेला मागं ट्रक किंवा ट्रॅव्हल्स अप्पर लाइट मारत येते, तेव्हा आरशात दिसणारा उजेड त्या ॲक्रिलिकमधनं येतो, त्यावर बारीक चरे पडलेले असले की सगळा आरसा पांढरा होतो, कधी एका लाइटच्या दोन दिसतात. आपल्या धुळीत चरे पडायला वेळ लागत नाही, कोरड्या फडक्यानं एकदा पुसलं तरी बास. जाळीनं थोडं अंधुक दिसतं हे खरं, पण चकाकत नाही. जाळी मात्र काळीच घ्या. पांढरी किंवा करड्या रंगाची जाळी उन्हात स्वतःच उजळते आणि तिच्या पलीकडचं दिसत नाही, काळीतनं आरपार दिसतं, घराच्या खिडकीच्या मच्छरजाळीत पण हाच फरक असतो. आणि ती फ्रेमवर ताणून बसलेली पाहिजे, ढिली राहिली की वेगात फडफड आवाज करते, तो आवाज वाऱ्यापेक्षा वाईट.

ज्यांना पारदर्शकच आवडतो त्यांनी निदान मटेरियल विचारून घ्यावं. ॲक्रिलिकवर चरे कमी पडतात पण दणका बसला की त्याचे धारदार तुकडे होतात. पॉलीकार्बोनेट फुटत नाही पण लवकर चरे पडतात आणि वर यूव्हीचं कोटिंग नसेल तर उन्हानं पिवळं पडतं. डोक्याच्या मागं ठेवायची वस्तू आहे, मी तरी पॉलीकार्बोनेटच सांगेन. साइनबोर्डवाल्याकडनं लोकल बनवून घेणार असाल तर हे लक्षात ठेवा की ॲक्रिलिक लेझरवर सुंदर कापलं जातं, पॉलीकार्बोनेटच्या कडा लेझरनं करपतात, ते राउटर मशीनच्या फिरत्या पात्यावर कापायला लागतं, म्हणून बरेच जण "तेच आहे ओ" म्हणून ॲक्रिलिक टेकवतात. पुसताना थिनर, पेट्रोल, स्पिरिट काही लावायचं नाही, ॲक्रिलिकमध्ये तर केसासारख्या भेगा पडतात, पाणी आणि थोडा साबण एवढंच.

मापाचं तर कोणी बोलतच नाही! ऑनलाइन "सगळ्या गाड्यांना बसतो" असं लिहिलेला एक पीस कराडच्या एका गिऱ्हाईकानं मागवला होता, तो रोल बारच्या, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवायला सीटमागं असते त्या, कमानीत बसला पण टप बंद करताना टपाची पट्टी त्याच्यावर टेकायची, आणि सीट मागं सरकवली की पाठ त्याला घासायची, शेवटी काढून ठेवला. म्हणून घ्यायच्या आधी मी सांगतो ते करा, फुकटातलं आहे. टीव्ही-फ्रिजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा कापून सीटच्या मागं चिकटपट्टीनं नीट बसवा आणि गाडी उभी असतानाच टप एकदा उघडून झाकून बघा, अडतो का ते. मग हेडरेस्टला, सीटच्या मधे लोकरीचे वीतभर धागे बांधा, बायकोला किंवा मित्राला शेजारी बसवून मोबाईलवर शूटिंग करायला सांगा. धागे पुढं उडतायत तोपर्यंत हवा उलटी येतेय, पुठ्ठ्याची उंची थोडी थोडी बदलत जावा, धागे गप्प लोंबायला लागले की ती तुमची उंची. सहा फुटी माणसाची आणि सव्वापाच फुटी माणसाची उंची वेगळी निघणार, मग कॅटलॉगमधलं एकच माप दोघांना कसं चालेल? ही टेस्ट साताऱ्यातल्या पोवई नाक्याच्या गर्दीत करून काही कळणार नाही, वेग दुप्पट झाला की हवेचा जोर चौपट होतो, त्यामुळं साठच्या खाली फरकच जाणवत नाही. चौपदरीवर कारला जी वेगमर्यादा असेल तिच्या आत राहून ऐंशी-नव्वदला बघितलं तरी सगळं कळतं, पहाटे मोकळ्या रस्त्यावर, मागं कोणी नसताना.

बसवताना नुसती दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप किंवा सक्शन कप नको, उन्हात उभ्या गाडीत गोंद मऊ होतो आणि ब्रेक दाबल्यावर तो तुकडा थेट डोक्यात येईल. रोल बारला पट्ट्याचा किंवा क्लॅम्पचा पक्का पकडणारा घ्या, पण हातानं काढता आला पाहिजे.

चार सीटच्या उघड्या गाडीचा विषय वेगळा, त्यात डिफ्लेक्टर मागच्या सीटवर आडवा पसरतो आणि मागं कोणाला बसता येत नाही, हे दुकानदार आधी सांगत नाहीत आणि मग घरात "आई कुठं बसणार" यावरनं वाद होतात. त्यांनी घडीचा घ्यावा, डिकीत मावतो का ते बघून.

तुमच्या चौकटीत मिळण्याची ठिकाणं म्हणून फक्त मुंबई-पुणं दिलंय. फ्रेमला पाइप वाकवणारा फॅब्रिकेटर आणि जाळी ताणून शिवणारा कुशनवाला साताऱ्यातही आहे, सांगलीतही आहे, पुठ्ठ्याचं माप घेऊन गेलं की काम होतं. पुढच्या अंकात एवढी दुरुस्ती छापावी ही विनंती.

आपला,
एक हूडवाला वाचक, सातारा