ओल्या हळदीचा चहा

दांडिया बाजार, बडोदे
12 जानेवारी

प्रिय शमा,

परवा फोनवर तुझा बसलेला आवाज ऐकला आणि तेव्हाच ठरवलं, सगळं नीट लिहूनच पाठवायचं.

खंडेराव मार्केटात सध्या ओल्या हळदीचे ढीग लागलेत. एक हळद मोडली की आतून गर्द केशरी, दुसरी फिकट आणि कैरीच्या वासाची, ती आंबेहळद. इथे दोन्हींच्या चकत्या मीठ-लिंबात घालून जेवताना घेतात. तू माझ्या सायकलवरून पडलीस तेव्हा आईने मुक्या मारावर आंबेहळद उगाळून लावली होती आणि फुटलेल्या गुडघ्यावर साधी हळद दाबली होती. जखमेवरच्या याच उपायाचं 1995 साली अमेरिकेत पेटंट दिलं गेलं. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकरांच्या पुढाकाराने सीएसआयआर ही आपली सरकारी संशोधन संस्था लढली आणि 1997 मध्ये ते रद्द झालं. आईला ते कळलं तेव्हा तिला कोण आनंद झाला होता!

चहाला मात्र केशरी हळदच घे. दोन कप पाण्यात अंगठ्याच्या पेराएवढी किसून टाक, तेवढंच आलं, चार-पाच ठेचलेले मिरे, दालचिनीचा लहानसा तुकडा, दोन लवंगा आणि गवती चहाच्या दोन पाती. मंद आचेवर दीड कप उरेपर्यंत उकळ. मिरे वगळू नकोस. हळदीतलं कर्क्युमिन एरवी अंगी फारसं लागत नाही, मिऱ्यातल्या पिपरीनमुळे ते जास्त शोषलं जातं. पाण्यात ते नीट विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतं, म्हणून कपात अर्धा चमचा तूप सोड. आजीला ही नावं ठाऊक नव्हती, पण हळदीच्या दुधात ती तूप-मिरपूड घालायचीच. गूळ गॅस बंद केल्यावर. दूध घालणार असलीस तर जास्तच सांभाळ, उकळत्या दुधात गूळ पडला की ते फाटतं.

किसताना जुने कपडे घाल. डागाला साबण लावला की तो लाल होतो, घाबरू नकोस. धुऊन कडक उन्हात वाळत घाल, हळूहळू उडतो.

घोट घशाखाली उतरला की खवखव शमते, नाक मोकळं होतं, रात्री झोप लागते. सर्दी-कफाला आपल्या घरांत हेच चालत आलंय. पण शमा, गेल्या वर्षी सासूबाईंच्या खोकल्याला मी तीन आठवडे काढेच देत बसले आणि शेवटी न्यूमोनिया निघाला. त्यांच्या उशाशी बसून काढलेल्या त्या रात्री माझ्या मनातून जात नाहीत. ताप चढला, धाप लागली किंवा खोकला रेंगाळला, तर पातेलं बाजूला ठेव आणि सरळ डॉक्टर गाठ.

आणि काकूंना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ना? मग त्यांना हा चहा रोज देऊ नकोस. आमटी-भाजीतली हळद चालते, हे प्रमाण वेगळं. पित्ताशयात खडे असलेल्यांनीही जपूनच घ्यावा.

अर्धा किलो हळद कुरिअरने पाठवलीय. आली की धुऊ नकोस, माती झटकून कागदात गुंडाळ आणि फ्रिजमध्ये ठेव. पण आधी काकूंच्या डॉक्टरांना विचार, आणि ते काय म्हणाले ते मला लगेच कळव.

तुझी,
वसू