भरतीचे तास डोंगराला द्या

प्रति,
मा. पर्यटनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,
सविनय नमस्कार.

मी परळला राहते. गेली वीस वर्षं सवड मिळाली की आईला घेऊन अलिबागला जाते. आमच्याकडे गाडी नाही. गेटवेहून बोट आणि मांडव्याला उतरलं की बोटीच्या तिकिटातच मिळणारी बस, एवढ्यावर आमचं भागतं. दर रविवारी कितीतरी माणसं अशीच जातात. त्यांच्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

माघी पौर्णिमा रविवारी आली होती तेव्हाची गोष्ट. आम्ही अकराच्या सुमारास किनाऱ्यावर पोचलो तर समुद्र तुडुंब भरलेला, ओहोटीला चालत जाता येतो तो कुलाबा किल्ला चहूबाजूंनी पाण्यात. शेजारी कल्याणहून आलेलं एक कुटुंब उभं होतं. किल्ल्यापर्यंत चालत जायचं म्हणून धाकट्या मुलीने चपला काढून हातात घेतल्या होत्या. वडिलांनी विचारलं, "ताई, पाणी कधी ओसरेल?" मी म्हटलं, "साडेचारनंतर." साडेचारला त्यांना परतीच्या बसमध्ये बसायचं होतं. ती मुलगी बराच वेळ चपला हातात धरूनच उभी होती.

किनाऱ्यावरच्या माणसाला यात नवल नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे माझ्या वडिलांनी मला शाळेत असताना शिकवलं. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे बाराच्या सुमारास ओहोटी. सकाळच्या बोटीने गेलेल्या माणसाला त्या दिवशी ओहोटी गाठता येते. पौर्णिमा-अमावास्येला सगळं उलट, ऐन दुपारी पाणी. पावसाळ्यात मोठ्या भरतीचे दिवस मुंबईची वर्तमानपत्रं आधीच छापतात. पण अलिबागचं तिकीट काढताना त्या दिवशीची ओहोटी किती वाजता, हे आम्हाला आजवर कोणी सांगितलेलं नाही.

हा किल्ला नुसता लांबून बघून परतावं असा नाही. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये त्याचं काम सुरू करवलं. तटाचे प्रचंड चिरे एकमेकांवर नुसते रचलेले आहेत, मध्ये चुना नाही. लाट आदळली की पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर मोडतो. त्या फटीत हात घालून बघितला की जे कळतं ते पुस्तकात वाचून कळत नाही. आत सिद्धिविनायकाचं देऊळ आहे आणि भोवती खारं पाणी असूनही गोड्या पाण्याचा तलाव आहे.

त्या दिवशी आम्ही मात्र रिकामं बसलो नाही. मिनीडोर रिक्षा ठरवून पेण रस्त्यावरच्या खंडाळे गावी गेलो. भात कापल्यावर त्याच शेतांत इथे पांढरा कांदा लावतात, ज्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. एक आजी अंगणात बसून कांद्याच्या माळा विणत होत्या. सुकलेल्या पाती तीन पदरी वेणीसारख्या घालायच्या, दर वळणाला एक कांदा आत घ्यायचा आणि अंगठ्याने दाबून गाठ बसवायची. त्या वर बघतसुद्धा नव्हत्या. आईने जवळ बसून अर्धी माळ विणली. मागे सागरगड उभा होता. धबधब्याची वाट, सिद्धेश्वराचं देऊळ, मग माची आणि गड. हवा स्वच्छ असली की गडावरून थेट समुद्रातला कुलाबा दिसतो. मांडव्याहून येताना डाव्या हाताला कनकेश्वराचा डोंगर लागतो, तिथे पायऱ्या चढून गेलं की वर पुष्करणी आहे. हे सगळं अलिबागपासून जवळ आहे, पण येण्या-जाण्याच्या मिनीडोरचे पैसे चौघांच्या कुटुंबाला बोटीइतकेच जड होतात.

म्हणून माझी मागणी भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाला धरून आहे. गेटवेला, भाऊच्या धक्क्याला आणि मांडव्याला रोजची ओहोटीची वेळ आणि किल्ल्यात किती वाजेपर्यंत थांबता येईल ते मोठ्या अक्षरांत मराठीत लिहा. ज्या सुट्टीच्या दिवशी दुपारी भरती असेल, त्या दिवशी अलिबाग स्थानकातून खंडाळे आणि कनकेश्वराचा पायथा अशी एसटी सोडा. ती शेवटच्या बोटीच्या आधी परत यायला हवी. तिथी वर्षभर आधी ठाऊक असते, तेव्हा हे दिवसही आजच ठरवता येतील. पावसात गेटवेच्या बोटी बंद असतात आणि नेमका तेव्हाच खंडाळ्याचा धबधबा भरात असतो. २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून सुटणारी, गाड्याही नेणारी रो-रो बोट पावसातही धावते, तिच्या वेळांनाही ही एसटी जोडावी.

किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे, मांडव्याचा धक्का मेरीटाईम बोर्डाकडे आणि एसटी परिवहन खात्याकडे आहे, हे मला ठाऊक आहे. या तिघांना एका टेबलाशी बसवण्याचं काम पर्यटन खात्याशिवाय दुसरं कोणी करणार नाही, म्हणून आपल्यालाच लिहिते आहे. येत्या वर्षाच्या अष्टम्या आणि पौर्णिमा कोणकोणत्या रविवारी येतात त्याचा तक्ता मी हाताने करून आपल्या कार्यालयात आणून देईन.

आपली विश्वासू,
परळची एक प्रवासी