बिजागरीसाठी थांबलेल्या काकांना

आदरणीय काका,

तुमच्या निरोप समारंभात मी बोलायला उठले आणि दोन वाक्यांतच गळा भरून आला म्हणून खाली बसले. राहिलेलं आज लिहिते आहे.

हे सगळं सुरू झालं तेव्हा मी ४८ वर्षांची होते. वीस वर्षं मजकूर लिहिण्यातच गेलेली, आणि अचानक माझ्या हातून 'दशा'च्या जागी 'दिशा' जाऊ लागलं. एकदा तर 'पुढच्या पानावर' असं लिहायचं होतं आणि उतरलं 'पानच्या पुढावर'. अनुस्वार गळायचे, एकच शब्द दोनदा पडायचा. बोलताना साधी नावं अडायची. रात्री जाग आली की स्मृतिभ्रंशाचीच भीती वाटायची, आणि हे मी घरीही कुणाला सांगितलं नव्हतं.

मुद्रितशोधक म्हणून माझ्या चुका सर्वांत आधी तुम्हाला दिसल्या. गुपचूप दुरुस्त करून पुढे पाठवल्या असत्यात तरी चाललं असतं. तुम्ही मात्र दोन महिने त्या एका वहीत उतरवल्यात, तारीख आणि वेळ घालून, आणि एका संध्याकाळी ती वही माझ्यासमोर ठेवलीत. बहुतेक चुका दुपारी चारनंतरच्या होत्या. अर्थ कुठेच हरवला नव्हता, फक्त शब्दाचं रूप निसटलं होतं. "दाखवली की तुझी चूक तुला लगेच दिसते, हे लक्षात घे," म्हणालात. "तरी रक्त तपासून ये. अंदाजावर राहू नकोस."

बी-१२ जीवनसत्त्व बरंच कमी निघालं. मज्जातंतूंवरचं आवरण टिकायला ते लागतं, आणि शरीरात त्याचा साठा काही वर्षं पुरत असल्यामुळे कमतरता हळूहळू वाढते, हे डॉक्टरांनी समजावलं. थायरॉइडही तपासून घेतलं, ते ठीक होतं. पाळी जाण्याच्या काळात मोडणाऱ्या झोपेबद्दलही डॉक्टरांनीच पहिल्यांदा विचारलं. शिवाय त्यांनी बजावलेलं एक इथे मुद्दाम लिहिते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल: बोलणं एकाएकी अडखळलं, तोंड वाकडं झालं किंवा हात लुळा पडला, तर तपासणीची तारीख घेत बसायचं नाही, त्याच क्षणी रुग्णालय गाठायचं.

इंजेक्शनांनी थकवा गेला, चुका कमी झाल्या. पूर्ण थांबल्या नाहीत. शब्द ओठांवर येऊन अडणं वयाबरोबर वाढतंच, आणि त्यातही विशेषनामं जास्त अडतात. एखादा माणूस कुंभारकाम करतो हे आठवतं, कारण चाक, माती, मडकी असे कितीतरी धागे त्याला जोडलेले असतात. आडनाव कुंभार असेल तर तसा एकही धागा नसतो.

पण तुमचे खरे आभार त्या बैठकीतल्या एका मिनिटाचे आहेत. मला 'बिजागरी' म्हणायचं होतं. 'ब'ने सुरू होतो, चार अक्षरी आहे, एवढं ठाऊक होतं, आणि मनात सारखं 'बाराखडी' येत होतं. सगळे शब्द सुचवायला लागले. तुम्ही हात वर करून सगळ्यांना थांबवलंत, आणि माझ्याकडे रोखून न पाहता समोरचे कागद चाळत राहिलात. शब्द आला. माझा मलाच आला.

नंतर तुम्ही ब्राउन आणि मॅकनील या मानसशास्त्रज्ञांच्या १९६६च्या प्रयोगाबद्दल सांगितलंत. अडलेल्या शब्दाचं पहिलं अक्षर आणि त्याची लांबी माणसाला पुष्कळदा बरोबर सांगता येते, असं त्यांना आढळलं होतं. म्हणजे शब्द आतच होता, वाट तेवढी अडली होती. त्या रात्री कितीतरी महिन्यांनी मी सलग झोपले.

वही अजून माझ्या खणात आहे. तुम्ही गेल्यापासून तारखा मीच घालते. गेल्या आठवड्यात शेजारच्या टेबलावरची मुलगी एका नावापाशी अडली, माझ्या तोंडावर ते नाव आलं होतं. मी कागद चाळत बसले.

तुमची,
समोरच्या टेबलावरची