आधी पारावर बसा, मग नकाशा काढा

संपादक महोदय,

जुन्या ठाण्याच्या कायापालटाच्या बातम्या आपल्या अंकात अधूनमधून येतात. फोटो असतो, कोटींचा आकडा असतो. त्या वाचल्या की मला आमच्या आळीतला पार आठवतो, म्हणून हे पत्र.

1979 साली लग्न होऊन मी या आळीत आले, तेव्हा पिंपळाला काळ्या दगडाचा पार होता, गुडघ्याएवढा ठेंगणा. सकाळी दूधवाला त्यावर कॅन टेकवायचा. पावसाळ्यात येऊरच्या पाड्यावरून येणारी बाई तिथे टोपली उतरवून शेवळं, टाकळा, कंटोळी मांडायची. संध्याकाळी आमचे मामंजी आणि त्यांचे सोबती. त्यांच्या गप्पा आमच्या ओट्यापर्यंत ऐकू यायच्या, आणि त्यातल्या निम्म्या पहिल्या आगगाडीवरून असत. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून सुटलेली गाडी ठाण्यालाच आली, याचा त्यांना इतका अभिमान, जणू तिकिटे यांनीच फाडली होती.

काही वर्षांपूर्वी या पाराचे सुशोभीकरण झाले. कुठल्या खात्याने केले ते सोडा, प्रश्न एका खात्याचा नाहीच. एका सोमवारी टेंपो आला, दगड भरून गेला. मग दोन फूट उंच कठडा बांधला, त्यावर गुळगुळीत लाद्या, भोवती स्टीलचे रेलिंग, रेलिंगला फाटक, फाटकाला कुलूप. पिंपळाच्या खोडावर निळे-हिरवे दिवे सोडले. दिवे दुसऱ्या पावसाळ्यात गेले, कुलूप अजून आहे. किल्ली कुणाकडे असते, हे आळीत कुणालाच ठाऊक नाही. भाजीवाली आता स्कूटरींच्या मधल्या फटीत बसते. म्हातारे बसतच नाहीत.

यात सर्वांत झोंबणारी गोष्ट वेगळीच. त्याच पारापासून दहा पावलांवर गटाराचे झाकण तुटले होते. जोराचा पाऊस आला की पाणी उलटे येऊन तळमजल्यावरच्या चार घरांत शिरायचे. आळीतल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत होते. आम्हाला कुणी विचारले असते तर आम्ही सांगितले असते, पाराला हात लावू नका, झाकण बदला. पैसेही वाचले असते.

'लोकसहभाग' हा शब्द हल्ली प्रत्येक फलकावर असतो. पण विचारायचे कधी, हा खरा मुद्दा आहे. शहराच्या विकास आराखड्यावर 1966 च्या नगररचना कायद्याप्रमाणे हरकती आणि सूचना मागवाव्याच लागतात. उशिरा का होईना, तिथे नागरिकाला बोलता येते. पार, बाक, दिवे, भिंतीचा रंग ही मात्र 'कामे'. त्यांना अंदाजपत्रक लागते, निविदा लागते, विचारणा लागत नाही. आणि रोजचे जगणे ज्याने सुधारते किंवा बिघडते, ती हीच किडुकमिडुक कामे असतात.

माझे माहेर मुरबाडकडचे. तिथे 26 जानेवारीला, 15 ऑगस्टला ग्रामसभा भरते. भांडणे होतात, अर्धे लोक येतच नाहीत, सगळे खरे. पण माझा भाऊ उभा राहून 'विहिरीच्या कठड्याचे काय झाले?' असे विचारू शकतो आणि ते इतिवृत्तात लिहिले जाते. ठाण्यात 1863 पासून नगरपालिका, 1982 पासून महानगरपालिका. गाव मोठे होत गेले आणि उभे राहून विचारायची जागा हरवली. 74 व्या घटनादुरुस्तीने 3 लाखांवरच्या शहरांना प्रभाग समित्या दिल्या, पण त्यात मुख्यतः नगरसेवक आणि स्वयंसेवी संस्थांचे जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी. पुढे 2009 मध्ये राज्याच्या कायद्यात क्षेत्रसभाही आली, म्हणजे मतदार यादीतल्या आपल्यासारख्यांची सभा. आमच्या आळीत अशी सभा भरल्याचे मला आठवत नाही, आणि माझी स्मरणशक्ती अजून शाबूत आहे.

कुणी म्हणेल, लोकांना वेळ कुठे आहे? पाडव्याच्या स्वागतयात्रेला या. कौपिनेश्वर मंदिरापासून तलावपाळीपर्यंत पहाटे रांगोळ्या पडतात, त्याआधी कित्येक दिवस बैठका चाललेल्या असतात. स्टेशनजवळचे मराठी ग्रंथसंग्रहालय घ्या. 1893 साली वि. ल. भावे आणि त्यांच्या सोबत्यांनी ते उभे केले, तेव्हा भावे ऐन विशीतले होते. त्यांनी कुणाच्या निधीची वाट पाहिली नाही. या गावाला हे नवीन नाही.

पण आमचीही बाजू धुतल्या तांदळासारखी नाही. फुटपाथ मोकळा हवा म्हणून ओरडणारेच जांभळी नाक्यावर गाडी आडवी लावून कोथिंबीर घेतात. सभा बोलावली तर दुकानदार म्हणतील पार्किंग द्या, वाड्यातले म्हणतील आधी आमचा पुनर्विकास, नव्या टॉवरमधले म्हणतील कबुतरखाना हलवा. चारजण जमले की पाच मते. होऊ दे भांडण. आधी भांडण झाले तर ते कागदावर मिटते. नंतर करायचे तर सिमेंट फोडावे लागते. चेंदणीसारख्या कोळीवाड्यांतही हेच आहे. वाळत घातलेली जाळी नकाशावर दिसत नाहीत, तिथे ती 'मोकळी जागा' ठरते. ती जागा मोकळी नाही, हे तिथली कोळीणच सांगू शकेल.

माझी मागणी लहान आहे. जुन्या ठाण्यातल्या कुठल्याही गल्लीचे काम काढायचे असेल, तर निविदेच्या आधी एका रविवारी संबंधित अभियंत्याने नकाशा घेऊन त्या गल्लीत यावे. सभागृहात नको, गल्लीतच. नकाशा मराठीत असावा आणि आमच्यासारख्यांना चष्म्यातून दिसेल इतका मोठा. काम कितीचे, कधी संपणार आणि पुढची तीन वर्षे देखभाल कोण करणार, हे त्याच कागदावर असावे. लोक काय बोलले ते लिहून घ्यावे आणि काय मान्य केले, काय नाही, ते महिन्याभरात त्याच भिंतीवर चिकटवावे. आमच्याकडे येणार असाल तर सकाळी नऊला या. टेबल, खुर्च्या आणि चहा माझ्याकडे लागला. येताना त्या फाटकाची किल्ली कुणाकडे सापडली तर तेवढी घेऊन या.

आपली नियमित वाचक,
एक ज्येष्ठ रहिवासी, ठाणे (पश्चिम)