थ्रॅशमध्ये बाप कोण, उजव्या हाताला विचार

मित्रा,

परवा फोन ठेवला तेव्हा रात्रीचे दोन वाजून गेले होते आणि तरी थ्रॅश मेटलमध्ये, म्हणजे त्या वेगवान, आक्रमक मेटल संगीतात, कोणता बँड बाप हे आपलं भांडण अर्धवटच राहिलं, म्हणून म्हटलं आता लिहूनच काढतो, फोनवर तू मला एक वाक्य पूर्ण करू देत नाहीस. तुझं शेवटचं बोलणं अजून डोक्यात आहे, "१९९१ ला ज्यांनी स्पीड सोडला त्यांना थ्रॅशमध्ये धरायचंच कशाला". म्हणजे त्या वर्षीच्या अल्बमपासून संथ झालेली मेटॅलिका बाद, स्लेयर एक नंबर, विषय संपला. विषय नाही रे संपला.

आधी तुझं जे पटतं ते सांगतो. स्लेयरच्या 'रेन इन ब्लड' अल्बमबद्दल माझी काही तक्रारच नाही. दहा गाणी, एकोणतीस मिनिटं, त्यातला एक सेकंद फुकट गेलेला नाही. आधीच्या अल्बमवर त्यांची गाणी लांब होती आणि सगळ्या आवाजाला घुमारा होता, निर्माता रिक रूबिनने तो घुमाराच काढून टाकला आणि म्हणून प्रत्येक फटका कोरडा, थेट कानाशी वाजल्यासारखा येतो. 'एंजल ऑफ डेथ' संपत आलं की गिटारी एकदम थांबतात आणि ड्रमर लोम्बार्डोचे दोन पाय तेवढे चालू राहतात, काही सेकंदच, पण मी इतक्या वर्षांनीही तिथे हातातलं काम थांबवतो. २०१३ मध्ये त्यांचा गिटारवादक हॅनमन गेला तेव्हा तू दिवसभर कोणाशी बोलला नव्हतास, मला आठवतंय. तुझं स्लेयरवरचं प्रेम मी कधी कमी लेखलेलं नाही.

पण आपण मोजतो काय ते तरी ठरवूया ना. तू स्पीड मोजतोस, कोणी सोलो मोजतं, कोणी अल्बम किती खपले ते काढून बसतं. मला हल्ली असं ठाम वाटतं की थ्रॅश हे उजव्या हाताचं संगीत आहे. सोलो हेवी मेटलकडे आधीपासून होते, स्पीड आणि राग हार्डकोर पंकवाल्यांकडे होता. या पोरांनी त्यात स्वतःचं काय घातलं, तर तळहाताची कड ब्रिजपाशी तारांवर दाबून ठेवायची आणि पिकने, म्हणजे तार छेडायच्या पत्तीने, असे फटके मारायचे की गिटारच ड्रमसारखी वाजली पाहिजे. तो बंद, तोडल्यासारखा आवाज. तो काढून घे, थ्रॅशमध्ये काय उरतं सांग.

हे मला कानाने नाही, हाताने कळलं. गेले चार महिने मी मेटॅलिकाच्या 'मास्टर ऑफ पपेट्स' गाण्याचा रिफ, म्हणजे परत परत येणारा गिटारचा तुकडा, सगळा डाउनपिकिंगने बसवतोय, म्हणजे पिक फक्त खाली, वर येताना तारेला लागायचंच नाही. मेट्रोनोम मिनिटाला १४० ठोक्यांवर लावून सुरुवात केली, वाढवत वाढवत १८० पर्यंत आलो. त्याच्या पुढे गेलं की कोपराखाली हात दगडासारखा होतो, अंगठ्याची पकड ढिली पडते आणि पिक आपोआप वर-खाली चालायला लागतं. वर-खाली केलं की वेग लगेच सापडतो रे, पण रिफ मऊ पडतो, तेच सूर असतात आणि तरी गाणं दुसरंच वाटतं. मूळ रेकॉर्डिंग २१० च्या वर आहे, म्हणजे ठोक्याला दोन धरून सेकंदाला सात फटके, सगळे खालच्या दिशेने, आणि मेटॅलिकाचा गायक-गिटारवादक हेटफिल्ड त्यावर गातोय! त्या काळातल्या अल्बमवर ऱ्हिदम गिटारही, म्हणजे रिफची गिटार, जवळपास सगळी त्यानेच वाजवलीये, तोच भाग परत परत रेकॉर्ड करून त्याचे थर चढवलेत, आणि ते थर इतके तंतोतंत बसलेत की एकच मोठी गिटार ऐकू येते. स्लेयरचं बरंचसं वर-खाली पिकिंग आहे, त्यातून पाखरांचा थवा उठल्यासारखा आवाज येतो, ते कसब वेगळं आणि जबरदस्तच आहे, पण तो थवा आहे, घण नाही.

मेटॅलिकाच्या १९८८ च्या 'जस्टिस' अल्बमच्या मिक्सिंगवरून तू नेहमी चिडतोस आणि ते बरोबरच आहे, बिचाऱ्या न्यूस्टेडचा बास जवळपास ऐकूच येत नाही, त्याच्यावर अन्यायच झाला तो. पण बास नसल्यामुळे तो उजवा हात अगदी उघडा पडलाय तिथे, आणि उघडा पडूनही कुठे डगमगलेला नाही. पुढच्या वेळी हेडफोन लावून फक्त तेवढंच ऐक. त्याच्या आधीचा बासवादक क्लिफ बर्टन असता तर तो अल्बम कसा झाला असता हा विचार मात्र मला अजून छळतो. सप्टेंबर १९८६ मध्ये स्वीडनमध्ये बँडची बस उलटली आणि चोवीस वर्षांचा माणूस गेला, आणि दहाच दिवसांनी तुझा 'रेन इन ब्लड' आला. काय वर्ष होतं ते!

आता तू म्हणशील, उजव्या हाताचंच म्हणतोस तर मेगाडेथवाल्या मस्टेनचं काय. इथे मी खरंच बरेच दिवस अडकलो होतो. एप्रिल १९८३ मध्ये त्याला मेटॅलिकातून काढलं, न्यूयॉर्कहून बसने परत पाठवलं आणि त्याच्या जागी एक्सोडस बँडमधून गिटारवादक हॅमेट आणला, पण पहिल्या अल्बमच्या चार गाण्यांवर आणि दुसऱ्याच्या दोन गाण्यांवर त्याचं नाव आहेच. म्हणजे ज्या पायावर मेटॅलिका उभी राहिली त्यातले काही दगड त्याने घातलेत, हे मान्य केल्याशिवाय हे भांडण प्रामाणिकपणे होऊच शकत नाही. आणि मेगाडेथचा 'रस्ट इन पीस' हा तर मी गिटारचा म्हणून या सगळ्यांतला सर्वोत्तम अल्बम मानतो, त्यातलं 'होली वॉर्स' वाजवत वाजवत गाणं म्हणजे दोन डोकी लागतात. पण मस्टेनची खरी कमाल डाव्या हातात आहे, बोटं कोळ्यासारखी तारांवरून फिरतात, रिफ वळणं घेत जातो. हेटफिल्ड वळत नाही, तो भिंत उभी करतो. म्हणून माझं मत त्याला, जेमतेम का होईना पण त्यालाच.

मेटॅलिका, स्लेयर, मेगाडेथ आणि अँथ्रॅक्स या चार मोठ्या बँडमध्ये अँथ्रॅक्सचं नाव लोक शेवटी घेतात याचं मला वाईट वाटतं, त्यांच्या 'अमंग द लिव्हिंग' अल्बमवर गिटारवादक स्कॉट इयनचा हात काय चालतो, आणि त्यात जो आनंद आहे तो बाकी तिघांकडे नाही. क्रिएटर आणि सेपल्चुरा या बँडबद्दल वेगळं पत्र लिहावं लागेल.

राहिला तुझा १९९१ चा मुद्दा. सोडलं त्यांनी, कबूल. तुला तेव्हा दगा वाटला, मलाही वाटला होता. पण १९८३ ते १९८८ मधले चार अल्बम त्यामुळे पुसले जात नाहीत, आणि माझा हिशेब तेवढ्याच सहा वर्षांचा आहे.

एक काम कर. २०१० चं बल्गेरियातल्या सोफियाचं रेकॉर्डिंग परत लाव, चारही बँडची माणसं एकत्र डायमंड हेड या जुन्या ब्रिटिश बँडचं गाणं वाजवतात ते, स्लेयरकडून एकटा लोम्बार्डो आलाय ते. तू नेहमी त्याच्याकडेच बघतोस. या वेळी हेटफिल्ड आणि मस्टेन यांच्याकडे बघ, सत्तावीस वर्षांनी दोघं एका स्टेजवर, गळाभेट घेतात आणि मग वाजवायला लागतात. चेहरे सोड, दोघांचे उजवे हात बघ. मग रविवारी फोन कर, कितीही उशीर झाला तरी.

तुझाच