बॉस्टनहून बाळूला

चि. बाळूस अनेक आशीर्वाद.

व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर तुमच्या क्रिकेट मॅचेस सुरू झाल्या आणि तू नवा स्लोअर बॉल शोधतोयस, असं बाबा म्हणाले. फोनवर तू मला दोन वाक्यं पुरी करू देत नाहीस, म्हणून लिहितेय.

इथं सुट्टीच्या दिवशी आम्ही पार्कात बेसबॉल खेळतो. मी नकल बॉल शिकतेय. तर्जनी आणि मधल्या बोटाची नखं शिवणीमागं रुतवायची, अंगठा खाली, मनगट ताठ. चेंडू सोडायचा नाही, ढकलायचा. क्रिकेटमध्ये आपण जन्मभर चेंडू फिरवायला शिकलो, इथं तो फिरू द्यायचा नाही! बॅट्समनपर्यंतचं १८.४४ मीटर अंतर जाईपर्यंत एखादा वेढा, बस्स. मग शिवण ज्या बाजूला येईल तिथली हवा बिघडते आणि चेंडू सरकतो. चेंडू किंचित वळला की शिवण दुसरीकडं, की पुन्हा वेगळीच दिशा. पतंगानं गोता खावा तसा. कुठं जाणार हे टाकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. झेलणारा बिचारा मोठा ग्लव्ह घालून बसतो, तरी निसटतोच.

इथल्या टिम वेकफिल्डचं ऐक. तो आधी फर्स्ट बेसवर फिल्डिंग करायचा. बॅट चालेना, तेव्हा नकल बॉलवर आला आणि १९९५ ते २०११ बॉस्टनकडून टाकत राहिला. इतर पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, ताशी १४५ किलोमीटरनं टाकत, हा ११०च्या आसपास. खांद्याला ताण कमी, म्हणून ही माणसं टिकतात; फिल नीक्रो तर ४८व्या वर्षीही खेळत होता. आर. ए. डिकीनं २०१२ साली साय यंग पुरस्कार, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा मान, मिळवला, नकल बॉलवाल्यांत पहिलाच.

तुझ्या कामाचं एवढंच: बेसबॉलमध्ये टप्पा नसतो, सगळा खेळ हवेत. आपल्याकडं टप्पा पडला की निम्मी जादू गेली. झहीर खाननं २०११च्या वर्ल्डकपमध्ये हाच बॉल वापरला, पण त्याचा खरा फायदा वेग पडण्यात होता. हात तसाच जोरात येतो आणि बॅट आधीच फिरून जाते. तेवढंच धर. टेनिस बॉलला उठलेली शिवण नसते, तेव्हा सराव लेदरवर कर. आणि इथं वाकवलेलं कोपर झटक्यात सरळ करून फेकलेलं चालतं, तिथं अंपायर नो बॉल देईल.

आईनं नखं बघितली तर गिटार शिकतोय म्हणून सांग. माझं नाव घेऊ नकोस.

तुझी,
ताई