खेळाच्या तासाला किती मुले खेळतात?

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रानंतर, जूनच्या अखेरीस उघडतात. पहिल्याच आठवड्यात शिक्षककक्षाच्या भिंतीवर वेळापत्रक चिकटते आणि एप्रिलपर्यंत ते कोणी हलवत नाही. शारीरिक शिक्षणाच्या तासांबद्दल जे बोलायचे, ते म्हणून आत्ताच बोललेले बरे.

मैदान नाही, क्रीडाशिक्षक नाही, गणिताचे सर तास मागून घेतात. ही तक्रार जुनी आहे आणि खरीही आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या अनुसूचीत शाळेला खेळाचे मैदान सांगितले आहे. सहावी ते आठवीत शंभराहून जास्त मुले असतील, तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकही सांगितला आहे. ते मागत राहावेच. पण जो तास हातात येतो त्याचे काय होते, याचा हिशेब कोणी मांडत नाही.

तो मांडून पाहू. तास 35 मिनिटांचा, वर्गात मुले 60. रांगेने खाली उतरणे आणि परत वर जाणे यात 8 मिनिटे जातात, हजेरी आणि सूचनांत 5. उरली 22. लांब उडीचा खड्डा एक, रांग एक. उडी मारणे, माती सारखी करणे, पुढच्याने जागेवर येणे याला 20 सेकंद धरले, तर 22 मिनिटांत 66 उड्या होतात. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला एक! बाकी सगळा वेळ रांगेत उभे राहून पुढच्याच्या टपल्या खायच्या. क्रिकेट दिले तर आणखी वाईट: दोघे खेळतात, दहा जण चेंडूची वाट पाहतात आणि उरलेले पोट्टे कडुनिंबाखाली. दप्तरी नोंद मात्र ‘खेळ, 35 मिनिटे’ अशीच पडते.

5 ते 17 वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटे धाप लागेल अशी हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान 3 दिवस हाडे-स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. एकट्या शाळेला ते सगळे पेलणार नाही. पण तासाचा निम्मा वेळ तरी प्रत्येक मूल हलते राहावे, एवढे जमण्यासारखे आहे. त्यासाठी नवे साहित्य लागत नाही, मांडणी बदलावी लागते.

60 मुलांचे दहा-दहाचे सहा गट करा. मैदानावर सहा ठिकाणे आखा: दोरीउड्या, 10 मीटर अंतरात धावून परत वळणे, लंगडी, गुडघे टेकवून दंड, भिंतीवर चेंडू मारून झेलणे, बेडूकउड्या. प्रत्येक ठिकाणी 2 मिनिटे काम, जागा बदलायला अर्धा मिनिट. 15 मिनिटांत सगळे गट सगळीकडून फिरतात आणि एखाद्या खेळाला 7 मिनिटे उरतात. दोऱ्या पाचच असतील तर जोड्या लावा. एकाने उड्या मारायच्या, दुसऱ्याने मोजायच्या, मिनिटाने अदलाबदल. पहिले दोन-तीन तास गोंधळ होतो, कारण मुलांना पुढे कुठे जायचे ते कळत नाही. फिरण्याची दिशा कायम ठेवली आणि शिटी फक्त जागा बदलण्यासाठीच वाजवली, की चौथ्या तासाला गाडी रुळावर येते.

दोरीची लांबी हा क्षुल्लक वाटणारा मुद्दा आहे, पण निम्मी मुले इथेच हरतात. दोरीच्या मधोमध पाय ठेवून उभे राहिले, की मुठी काखेपर्यंत यायला हव्यात. पाचवी-सहावीला साधारण सव्वादोन मीटर पुरते. लांब दोरी जमिनीवर लोळते, आखूड पायात अडकते आणि मूल म्हणते, ‘सर, मला जमत नाही.’ सुतळी तर नकोच. ती हलकी असल्याने गोल फिरतच नाही.

‘बाद झाला की बाहेर बस’ हा नियम वर्गाच्या तासातून काढून टाकावा. त्याने सर्वांत आधी बसतो तो सर्वांत हळू पळणारा, म्हणजे ज्याला हालचालीची गरज जास्त तोच. बाद झालेल्याने कडेला दहा दोरीउड्या मारून परत आत यावे. आट्यापाट्या यासाठी नामी खेळ आहे. नऊ आडव्या पाट्या आणि त्यांना मधोमध छेदणारा उभा सूर आखायला जागा नसेल, तर चार पाट्यांवरही वीस मुले दमेपर्यंत खेळतात. लागते ती फक्त फक्की. तीही खडूच्या भुकटीची. पैसे वाचवायला चुना टाकू नये, ओल्या मैदानावर तो डोळ्यांना आणि कातडीला भाजतो.

29 ऑगस्ट 2019 ला ‘फिट इंडिया’ चळवळ सुरू झाली, ‘खेलो इंडिया’च्या क्षमता चाचण्याही शाळांत आल्या. चाचण्या चांगल्या आहेत, घेण्याची पद्धत नाही. 50 मीटर धावण्याची शेवटची रेघ भिंतीला लागून असेल, तर मूल 40 मीटरलाच वेग कमी करते. रेघेपुढे 10 ते 15 मीटर मोकळी जागा हवीच, नाहीतर वेळही चुकते आणि मनगटही मोडते. 600 मीटर चौकातल्या 60 मीटरच्या घेरात घेतले तर दहा फेऱ्या होतात आणि प्रत्येक वळणावर वेग पडतो. ती वेळ मोठ्या मैदानावरच्या वेळेशी ताडू नये, त्याच घेरातल्या मागच्या वेळेशी ताडावी. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, काढताना मोठ्या माणसांची 18.5 ते 25 ही पट्टी अकरा वर्षांच्या मुलाला लावणे सरळ चूक आहे. मुलांसाठी वय आणि लिंगानुसार वेगळे तक्ते असतात. आणि वजन सगळ्या रांगेला ऐकू जाईल असे ओरडून सांगायचे नसते. जिचे वजन असे ओरडले जाते, ती मुलगी त्या दिवसानंतर खेळाच्या तासाला पोट दुखते म्हणून वर्गात बसते.

आता नागपूरचे ऊन. सकाळच्या पाळीत खेळाचा तास पहिल्या दोन तासिकांत, दुपारच्या पाळीत शेवटच्या दोनांत, एवढा एक बदल वेळापत्रकात आत्ता करता येतो. मार्चनंतर अकराच्या उन्हात मुलांना पळवणे हा व्यायाम नव्हे. सुटीनंतर उन्हात पळण्याची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, तेव्हा पहिल्याच आठवड्यात 600 मीटर नको. पावसाची उघडीप दमट असते, घाम वाळत नाही, म्हणून पारा उतरलेला दिसला तरी अंग तापते. मळमळ, चक्कर सुरू झाली की थांबवून सावलीत बसवावे. मूल असंबद्ध बोलू लागले तर सावलीतच अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा, त्याच वेळी 108 ला फोन लावावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नये. खिशातल्या कांद्यावर विसंबू नये, हे वेगळे सांगायला नको, तरी सांगतो.

आपल्याकडची काळी माती पावसात बुटाला चिकटते आणि फेब्रुवारीत तिला भेगा पडतात. घोटे मुरगळतात ते याच भेगांत. भेगा चाळलेल्या मुरुमाने भरून, पाणी मारून रोलर फिरवावा. कायमचे करायचे तर 10 सेंटीमीटर मुरुमाचा थर द्यावा आणि मैदानाला शंभरास एक ढाळ ठेवावा, म्हणजे 20 मीटरला 20 सेंटीमीटर. पाणी साचत नाही.

दहावी-बारावीच्या क्रीडागुणांमुळे शाळांचे लक्ष संघातल्या पंधरा मुलांवर असते. ती मुले मानकापूरच्या क्रीडा संकुलात जाऊन सराव करतीलच. मुख्याध्यापकांनी पुढच्या खेळाच्या तासाला हातात घड्याळ घेऊन मैदानावर उभे राहावे आणि वर्गातले सर्वांत मागे राहणारे एकच मूल निवडून ते प्रत्यक्ष किती मिनिटे हलले ते मोजावे. आकडा दहाच्या आत आला, तर तास घेण्याची पद्धत आधी बदलावी. मैदानाचा अर्ज मागाहून करता येईल.

– एक शारीरिक शिक्षण शिक्षक, नागपूर